पप्पांचं बायबल, भावाचे रील आणि तीन आठवड्यांचा अबोला

पत्र (थोडं कापून घेतलंय, खाणाखुणाही काढल्यात):

"ताई, मी ऐरोलीला राहते. माहेर डोंबिवलीचं, घरी गणपती-गौरी सगळं. लग्न झालं ते नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात. सासरे रिटायर्ड शिक्षक, कळव्याला राहतात, आम्ही सगळे त्यांना पप्पाच म्हणतो. महिन्यातून एका रविवारी उपासना आटपून ते आणि मम्मी आमच्याकडे जेवायला येतात, माझा लहान भाऊ पण येतो, तो इथेच आयटी पार्कात आहे आणि त्याला वाद घालायला फार आवडतं. मागच्या वेळी विषय निघाला की बायबल इतिहास म्हणून कितपत खरं. पप्पा म्हणाले शब्दनशब्द उत्खननात सिद्ध झालाय, नोहाचं तारू अरारात डोंगरावर सापडलंय, तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाकं मिळालीत. भाऊ म्हणाला हे सगळं फेक आहे, तीनशे वर्षांनी एका रोमन बादशहाने मीटिंग घेऊन पुस्तकं ठरवली आणि येशू नावाचा माणूस मुळात झालाच नाही. पप्पा काही न बोलता उठले, हात धुतले, ताटात अर्धी भाकरी तशीच. ते नेहमी सांगतात की त्यांचे आजोबा याच पुस्तकावर अक्षरं वाचायला शिकले. आज तीन आठवडे झाले, फोन नाही. नवरा म्हणतो तुझ्या भावाला आवर, भाऊ म्हणतो मी काय चुकीचं बोललो ते दाखव. ताई, खरं कोणाचं? आणि माझा सहा वर्षांचा मुलगा विचारतोय नोहाची बोट खरी होती का, त्याला काय सांगू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या अर्ध्या भाकरीपाशीच अडकले. शिक्षक माणूस ताटात अन्न टाकून उठतो म्हणजे आत बरंच काहीतरी हललेलं असतं. त्याच्याकडे येतेच, पण तू आधी विचारलंयस की खरं कोणाचं, आणि एकतीस वर्षं ठाण्यात इतिहास शिकवलाय मी, त्यामुळे या प्रश्नाला बगल द्यायला मला जमणार नाही. त्या दिवशी खरं दोघांचंही नव्हतं. दोघेही फोनवर आलेलं बोलत होते, एकाकडे चर्चच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड आणि दुसऱ्याकडे रील.

पप्पांचं आधी घेऊ. अरारातच्या बाजूला नावेच्या आकाराची म्हणून जी जागा दाखवतात ती भूगर्भशास्त्रज्ञांनी तपासलीय आणि ती निसर्गानेच तयार झालेली रचना आहे. रथाच्या चाकांचे फोटो वर्षानुवर्षं फिरतायत पण अभ्यासकांनी हातात घेऊन, तपासून मान्य केलेलं एकही चाक कुठल्याही म्युझियममध्ये नाही. हे पप्पांना कमी लेखायला सांगत नाहीये, उलट मला वाईट याचं वाटतं की खरोखर सापडलेल्या, बघून अंगावर काटा येईल अशा इतक्या वस्तू असताना एवढ्या वाचणाऱ्या माणसाच्या हातात कोणीतरी खोटं चाक दिलं.

आता भाऊ. मीटिंगची गोष्ट म्हणजे इ.स. ३२५ची निकियाची परिषद, कॉन्स्टंटाइन बादशहाने बोलावलेली, ती झाली हे खरं. पण तिथे भांडण होतं ते पित्याचं आणि पुत्राचं नातं नेमकं काय यावर, एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून, शिवाय ईस्टर कधी पाळायचा यावर. कुठली पुस्तकं आत आणि कुठली बाहेर हे तिथे ठरलेलं नाही. नवा करार म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, त्याच्या आजच्या २७ पुस्तकांची जशीच्या तशी यादी पहिल्यांदा दिसते ती इ.स. ३६७मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ईस्टरच्या पत्रात, आणि चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं, चारच का यावर तर इ.स. १८०च्या आसपास इरेनियस नावाचा बिशप लिहून मोकळा झाला होता, तेव्हा कॉन्स्टंटाइन जन्मायचा होता.

आणि येशू झालाच नाही हे तर भावाला सांग की देव न मानणारे इतिहासकारसुद्धा बहुतेक सगळे म्हणत नाहीत. टॅसिटस हा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांबद्दल त्याला अजिबात प्रेम नाही, तो इ.स. ११६च्या सुमारास लिहितो की तिबेरियस बादशहाच्या काळात पिलात या रोमन सुभेदाराने ख्रिस्ताला देहदंड दिला. जोसिफस हा ज्यू इतिहासकार, इ.स. ९३-९४मध्ये, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब' असं सहज बोलता बोलता लिहून जातो. त्याच्या पुस्तकात येशूवर आणखी एक मोठा उतारा आहे, त्यात मात्र पुढच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातलीय असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा तो पप्पांनी पुराव्यात धरताना जपून. आणि सगळ्यात जुना साक्षीदार पौल, येशूचा सुरुवातीचा प्रचारक. वधस्तंभाची घटना इ.स. ३०च्या आसपासची आणि पौलाची पत्रं इ.स. ५०च्या दशकातली, आणि गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की मी यरुशलेमला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याला भेटलो, प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. जो माणूस झालाच नाही त्याच्या भावाला कोण कशाला भेटेल.

पण नुसतं याची चूक त्याची चूक दाखवून तुझ्या घरचं भांडण मिटणार नाही, कारण मुळात प्रश्नच चुकीचा धरलाय दोघांनी. 'बायबल खरं की खोटं' याला उत्तरच नाही. बायबल हा शब्दच ग्रीकमधल्या पुस्तकं या अनेकवचनावरून आलाय. पप्पांच्या हातातल्या प्रतीत ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिकांच्या प्रतीत ७३, आणि ती लिहिली गेली साधारण हजारभर वर्षांत, हिब्रू, थोडी अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांत. त्यात राजांच्या नोंदी आहेत, वंशावळी आहेत, कायदे आहेत, प्रेमाची गाणी आहेत, म्हणी आहेत, खाजगी पत्रं आहेत, स्वप्नं आहेत. हे कपाट आहे गं. तुझ्या माहेरच्या कपाटात पंचांग, तुकारामाची गाथा, आजीच्या हातची हिशोबाची वही आणि कोणाचं तरी जुनं पत्र एकत्र असेल आणि कोणी येऊन विचारलं की हे कपाट खरं का खोटं, तर तू काय सांगशील? तू म्हणशील कुठलं काढू ते बोल. बस्स, तेवढंच करायचंय.

मी शिकवायचे तेव्हा एक उदाहरण माझं फार आवडतं होतं, ते तुला सविस्तर सांगते कारण पुढे ते तुला वापरायचंय. पप्पांना म्हण बायबलातलं 'दुसरे राजे' हे पुस्तक, अध्याय १८ आणि १९ काढा. यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा राजा हिज्कीया. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येतो, साल इ.स.पू. ७०१. बायबल सांगतं की त्याने तटबंदीची गावं घेतली, हिज्कीयाने लाखीश शहरी असलेल्या सन्हेरीबाला निरोप धाडला की माझं चुकलं, मागशील ते देतो, आणि ३०० किक्कार (किक्कार हे त्या काळचं वजन) रुपं नि ३० किक्कार सोनं दिलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं सुद्धा उतरवून दिलं. तरी अश्शूरची माणसं यरुशलेमच्या तटाखाली येऊन उभी राहतात आणि तटावर बसलेल्या लोकांना समजावं म्हणून मुद्दाम त्यांच्याच भाषेत मोठमोठ्याने धमक्या देतात. मग एका रात्रीत परमेश्वराच्या दूताने छावणीतले १,८५,००० मारले आणि सन्हेरीब परत गेला.

आता दुसरी बाजू. सन्हेरीबाने स्वतःची मोहीम मातीच्या सहा बाजूंच्या खांबासारख्या लेखावर कोरून घेतली, हातभर उंचीचा असेल, अक्षरं इतकी बारीक की भिंग घ्यावं. त्याच्या अशा प्रती सापडल्यात, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १८३०मध्ये त्याच्या राजधानीत, निनवेला मिळालेली. त्यात राजा स्वतः बोलतो की मी हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला यरुशलेममध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला. आणि खंडणी? सोनं ३० किक्कार. तोच आकडा! दोन शत्रू, दोन भाषा, दोन देव, आणि सोन्याचा आकडा एकच. रुप्याचा मात्र वेगळा, हा म्हणतो ८००, बायबल म्हणतं ३००. आणि बघ, यरुशलेम घेतलं असं सन्हेरीब कुठेच म्हणत नाही, स्वतःच्या बढायांच्या त्या लेखात सुद्धा नाही. लाखीश मात्र त्याने जिंकलं आणि त्या वेढ्याची चित्रं निनवेच्या महालात दगडी भिंतभर कोरून घेतली, उतरणीचा भराव, तटावरून पडणाऱ्या मशाली, बैलगाडीवर संसार लादून चाललेली बायकापोरं, आणि तो भराव लाखीशच्या टेकडीला आजही टेकलेला आहे. त्याच हिज्कीयाने शहरात पाणी आणलं असं राजेच्या २०व्या अध्यायात आहे, आणि यरुशलेमखाली खडकातून कोरलेला ५३३ मीटरचा बोगदा आहे, १८८०मध्ये आत लेख सापडला, दोन बाजूंनी खणत आलेल्या माणसांना पलीकडच्यांचा आवाज कसा ऐकू आला आणि कुदळीला कुदळ कशी भिडली ते त्यात लिहिलंय. कळव्याला राहणाऱ्या माणसाला, पारसिकचा बोगदा रोज डोळ्यासमोर असलेल्याला, हे वाचून दाखव आणि चेहरा बघ.

मग आता हे खरं की खोटं? हिज्कीया होता, सन्हेरीब आला, खंडणी गेली, शहर वाचलं, इथपर्यंत इतिहास छातीठोक सांगतो. रुपं किती याबद्दल दोघांपैकी कोणीतरी वाढवून किंवा कमी करून सांगतोय. आणि दूताने रात्रीत माणसं मारली की नाही, याच्यापुढे इतिहासाकडे मोजायचं मापच नाही, तिथे पप्पा विश्वासाने उभे आहेत आणि भाऊ अविश्वासाने, आणि दोघांनाही तिथे उभं राहायचा हक्क आहे. मी पस्तीस मुलांच्या वर्गात हे करायचे तेव्हा पोरं तास संपला तरी उठायची नाहीत.

असं प्रत्येक पुस्तकाचं वेगळं निघतं बघ. दावीद राजा नुसता गोष्टीतला असं म्हणणारे अभ्यासक होते, मग १९९३मध्ये इस्राएलच्या उत्तरेला तेल दानला एका शत्रू राजाचा अरामी शिलालेख मिळाला आणि त्यात 'दाविदाचं घराणं' असे शब्द निघाले. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१मध्ये कैसरियाला मिळाला, तोही कसा, नाट्यगृहाची दुरुस्ती करताना कोणीतरी पूर्वीच पायरी म्हणून उलटसुलट बसवलेला. त्यावर त्याचा हुद्दा प्रीफेक्ट असा आहे, म्हणजे टॅसिटससारख्या मोठ्या इतिहासकाराने त्याला प्रोक्युरेटर म्हटलंय ती हुद्द्याची चूक, पण त्यामुळे टॅसिटसला कोणी खोटारडा म्हणत नाही. उलट्या बाजूला यरीहो, जिथले तट यहोशवा या पुढाऱ्याच्या वेळी कोसळले असं बायबल सांगतं. तिथे कॅथलीन केन्यन बाईंनी १९५२ ते १९५८ खणलं, कोसळलेल्या भिंती मिळाल्या पण त्यांच्या मते ते शहर इ.स.पू. १५५०च्या सुमाराला पडलं, यहोशवाच्या काळात तिथे पाडायला तटबंदीचं शहरच उरलं नव्हतं, आणि बहुतेक पुरातत्त्वज्ञ आज तेच मानतात. निर्गम या पुस्तकातले, मिसरमधून सुटलेले सहा लाख पुरुष रानातून चाळीस वर्षं चालले याच्याही खुणा जमिनीत मिळालेल्या नाहीत. हे पप्पांना ऐकायला जड जाईल, पण ते शिक्षक आहेत, जड ऐकायची सवय असते शिक्षकाला, फक्त ते 'फेक' या शब्दात गुंडाळून तोंडावर मारू नये.

येशूच्या जन्माचा घोळ भाऊ नक्की काढणार, आत्ताच सांगून ठेवते. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी मत्तय म्हणतो हेरोद राजा असताना जन्म, हेरोद वारला इ.स.पू. ४मध्ये. लूक म्हणतो क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असताना नावनिशी, म्हणजे शिरगणती, झाली तेव्हा, आणि ती नावनिशी जोसिफसच्या हिशोबाने इ.स. ६ची. साधारण दहा वर्षांचं अंतर पडतं आणि ते जुळवायला लोकांनी खूप खटपट केलीय, मला तरी ती कुठलीच खटपट पटलेली नाही. पण मग भावाला विचार, शिवाजी महाराजांची जन्मतारीख? आपल्याकडे १६२७ धरणारे होते, १६३० धरणारे होते, जेधे शकावली उजेडात आल्यावरही किती वर्षं वाद, वर्तमानपत्रातून पत्रं, शेवटी सरकारने १९ फेब्रुवारी १६३० धरली तरी तिथीवाले तिथीनेच करतात. तीन वर्षांचा फरक, तोही साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा, कागदपत्रांच्या जमान्यातला. म्हणून महाराज झालेच नाहीत असं कोणी म्हणेल का? आणि सभासदाची बखर १६९७ची, महाराज गेले १६८०ला, म्हणजे सतरा वर्षांनी, जिंजीला बसून लिहिलेली, प्रेमाने आणि भक्तीने लिहिलेली, त्यात भवानीचे दृष्टांतही आहेत. आपण ती फेकून देत नाही, डोळे मिटून घेतही नाही, इंग्रजांची पत्रं नि फारसी कागद शेजारी ठेवून वाचतो. मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. ७०च्या आसपासचं, म्हणजे चाळीस वर्षांनंतरचं. तोच गज इथे लाव, एवढंच मी भावाला सांगीन. आणि तोच गज आपल्या घरच्या पोथ्यांनाही लावायची तयारी असेल तरच दुसऱ्याच्या पोथीजवळ न्यावा, हे मी त्याला जरा करड्या आवाजात सांगीन.

नकला करताना मजकूर बदलला का हा पण रीलवाल्यांचा आवडता विषय. बदलला, काही ठिकाणी. मार्कच्या शेवटच्या अध्यायातली ९व्या वचनापासून पुढची वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वात महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीतच. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, जिच्यात येशू म्हणतो ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड टाकावा, मला सगळ्या बायबलात सगळ्यात प्रिय, ती योहानाच्या सर्वात जुन्या प्रतींत नाही, नंतर आत आलीय. आणि दुसरीकडे १९४७मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत मेंढपाळांना गुंडाळ्या मिळाल्या, त्यातली यशया या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सव्वासात मीटरच्या वर लांब, ६६ही अध्याय, तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षं जुनी, आणि शुद्धलेखनाचे, शब्दांचे बारीक फरक पुष्कळ असले तरी पुस्तक तेच. तिथल्याच गुहांमध्ये यिर्मया या पुस्तकाचे मात्र दोन घाट मिळाले, एक लांब एक आखूड. म्हणजे इथेही सरसकट बोलायची सोय नाही. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही खरं तर, ज्ञानेश्वरी १२९०ची आणि तिच्यात लोकांनी इतक्या ओव्या घुसवल्या होत्या की एकनाथ महाराजांना १५८४मध्ये प्रती जमवून शुद्ध करावी लागली, आणि वर त्यांनी बजावून ठेवलं की यात जो पदरची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नाथांनी केलं तेच काम हे लोक ग्रीक प्रतींवर करतात, साडेपाच हजारांच्या वर प्रती आहेत, काही तळहाताएवढे तुकडे, आणि हे काम करणाऱ्यांत श्रद्धावान माणसं खूप आहेत. श्रद्धा असल्याशिवाय एवढा कंटाळवाणा उद्योग आयुष्यभर कोण करेल.

चमत्कारांबद्दल एक आपल्या ठाण्याचीच गोष्ट सांगते, तलावपाळीवरून येता-जाता मला नेहमी आठवते. एप्रिल १३२१, इथे फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तिघे सोबती, तिथल्या सुलतानी अंमलदारांच्या हुकमाने. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा गावात नव्हता म्हणून वाचला, त्याने पत्रात हे कळवलं. काही वर्षांत ओडोरिक नावाचा प्रवासी साधू ठाण्यात आला, त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला आणि परत जाऊन १३३०मध्ये सगळी हकिगत सांगून लिहवून घेतली. त्यात आहे की एका साधूला आगीत टाकलं आणि तो न जळता बाहेर आला. आता चौघं ठाण्यात मेले हे कोणीही इतिहासकार नाकारणार नाही. आगीचं काय? ते भिंगातून दिसत नाही. पण आगीची गोष्ट आहे म्हणून चौघं मेलेच नाहीत असं म्हणणं जितकं चुकीचं तितकंच चौघं मेल्याचा पुरावा आहे म्हणून आगीचाही पुरावा मिळाला असं म्हणणं. तुझ्या घरात त्या रविवारी या दोन्ही उड्या मारल्या गेल्या.

अशीच उडी मी स्वतः बघितलीय. २०१४च्या जानेवारीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात इराणच्या कोरेश (सायरस) राजाचा मातीचा लेख लंडनहून आला होता, मी मुलांना घेऊन गेले होते. मक्याच्या कणसाएवढी भाजलेली माती, एका बाजूला तुटलेली, वरून मुंग्या चालून गेल्यासारखी अक्षरं. काचेला नाक लावून उभे होतो सगळे. शेजारी एक काका बायकोला सांगत होते की बघ, बायबलात एज्राच्या पुस्तकात आहे ना कोरेशने यहुद्यांना घरी जाऊन मंदिर बांधायला सांगितलं, तेच यात लिहिलंय. तसं लिहिलेलं नाही. बाबेलच्या आसपासच्या देवांना नि माणसांना आपापल्या जागी परत पाठवलं असं आहे, यहुदाचं, यरुशलेमचं नाव त्यात नाही. धोरण जुळतं, हुकूम सापडलेला नाही. मी त्या काकांना काही बोलले नाही, त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि अजूनही मला वाटतं तेव्हा न बोलणंच बरोबर होतं, पण बसमध्ये बसल्यावर मुलांना मात्र नीट सांगितलं.

आता ती भाकरी. पप्पा टॅसिटसवरून उठले नाहीत गं. तुझ्या भावाने इतिहासाबद्दल शब्द टाकला आणि तो जाऊन लागला त्यांच्या आजोबांना. विचार कर, ज्या माणसाला गावाने शाळेची पायरी चढू दिली असेल की नाही देव जाणे, तो दिव्याखाली बसून बोट ठेवत ठेवत 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी' वाचायला शिकला, त्याचा मुलगा शिकला, नातू शिक्षक झाला, पेन्शनीत आला, आणि त्या नातवाच्या सुनेकडे जेवताना एक पोरगा सांगतो की ते पुस्तक फेक. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्याकडे आधीच किती ठिकाणी 'तुम्ही मूळचे कोण' याची उत्तरं द्यावी लागतात हे तू त्या घरात राहून बघितलं असशील. भावाला हे कळलं नसणार, दुष्टपणा नाही त्यात, पण कळायला पाहिजे आणि ते तूच सांगू शकतेस, नवऱ्याने सांगितलं तर भांडण दोन घरांचं होईल.

म्हणून असं कर. आज संध्याकाळी तू फोन कर पप्पांना, नवऱ्याला मध्ये घालू नकोस. विषय काढू नकोस, समजावू नकोस. मम्मीचे गुडघे कसे आहेत, पप्पा तुम्ही जेवलात का, आणि मुलगा तुमची आठवण काढतोय, इतकंच. तो काढतच असणार. दोन दिवसांनी मुलाला घेऊन ऐरोलीहून ठाणे आणि ठाण्याहून कळवा, जाऊन ये, भावाशिवाय.

मग भाऊ. त्याने माफी मागायची ती त्या शब्दाची आणि ताटावर बोलल्याची. त्याच्या प्रश्नांची माफी मागायची काही गरज नाही, प्रश्न चांगले आहेत, आणि खोटी माफी पप्पांना लगेच कळेल, तीस-चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस आहे तो. फोनवर किंवा मेसेजवर नको, समोर जाऊन. 'पप्पा, मी त्या दिवशी बोललो ते बरोबर नव्हतं, येशू झालाच नाही हेही मी न वाचता बोललो' असं जर तो म्हणू शकला तर फारच छान, कारण ते खरंच आहे.

आणि मग त्याला कामाला लाव. सन्हेरीबाच्या त्या लेखाचं भाषांतर नेटवर सहज मिळतं, हिज्कीयाचा भाग पानभराचा आहे, त्याला म्हणावं मराठीत कर आणि प्रिंट काढून आण. पुढच्या वेळी जेवण झाल्यावर, हात धुऊन, चहा घेऊन, पप्पांनी दुसरे राजे १८ मोठ्याने वाचायचं आणि भावाने सन्हेरीब वाचायचा. पप्पांचं वाचन चांगलं असणार, शिक्षक आणि त्यातून उपासनेची सवय. कोण जिंकलं हे त्या दिवशी ठरवायचं नाही. चाकांचा विषय भावाने काढायचा नाही, तो मी तुझ्यावर सोपवते, कधीतरी एकट्याने पप्पांना म्हण की पप्पा मी शोधलं, ते चाकांचं कुठल्याच म्युझियममध्ये नाही हो, पण हे बोगद्याचं खरं आहे. ते ऐकतील. मुलीसारख्या सुनेने हळू सांगितलेलं सासरे ऐकतात, मुलाचं ऐकत नाहीत.

नवऱ्यालाही एक सांग, 'तुझ्या भावाला आवर' हे वाक्य बंद. तो त्याचाही मेव्हणा आहे.

मुलाचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सहा वर्षांच्या पोराला पुरातत्त्व नको सांगूस आणि खोटंही नको सांगूस. म्हण की बाळा ती खूप खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की बऱ्याच देशांत लोक ती आपापल्या तऱ्हेने सांगतात. डोंबिवलीच्या आजीला विचार, ती तुला मनूची आणि मोठ्या होत जाणाऱ्या माशाची गोष्ट सांगेल, त्यातही पूर आहे आणि नाव आहे. इराकमध्ये मातीच्या विटांवर लिहिलेली अशीच एक पुराची गोष्ट मिळाली, नावेतून पक्षी सोडून जमीन शोधतात ती सुद्धा, आणि १८७२मध्ये ती पहिल्यांदा वाचणारा माणूस इतका हरखला म्हणतात की काही विचारू नकोस, हे तो दहा-बारा वर्षांचा झाला की सांग. आत्ता त्याला नोहाची गोष्ट पप्पांकडूनच ऐकू दे, कुठले कुठले प्राणी आले, कबुतराने काय आणलं, सगळं. आणि त्याने पप्पांनाच विचारलं की खरी होती का, तर विचारू दे. आजोबा काय उत्तर देतात ते तू मध्ये न पडता ऐक, बहुतेक त्या उत्तरात तुझ्या भावालाही ऐकण्यासारखं काहीतरी असेल.

त्या रविवारी भाकऱ्या आधी करून ठेवू नकोस, पप्पा पाटावर बसले की मग थाप. आणि मला कळव काय झालं ते, मुख्य म्हणजे ३०० किक्कार आणि ८०० किक्कारावर पप्पा काय म्हणाले ते. मला स्वतःला वाटतं सन्हेरीबाने वाढवून सांगितलं असावं, पण पप्पांचं मत ऐकायला आवडेल.